दोनदा विचारलेलं जेवण

त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं, आणि त्या कामात त्याचा एक नियम होता. दुरुस्ती झाली की पहिली फेरी आपण मारायची, गिऱ्हाईक नंतर. त्यामुळे दुसऱ्याने दुरुस्त केलेल्या यंत्रावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

आणि आता विमानात बसायचं होतं. कालच धावपट्टीपलीकडच्या शेतात एक विमान कोसळलं होतं. माणसं गेली होती, आणि सगळं शहर तेव्हापासून हळू आवाजात बोलत होतं.

पण ताईचा डोळा थांबणार नव्हता. एक आधीच गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन उद्याच व्हायला हवं असं डॉक्टर म्हणत होते. ताईचा हट्ट एकच, भाऊ आल्याशिवाय कागदावर सही करणार नाही. ट्रेनला दोन दिवस लागत.

सकाळी तिचा फोन आला; विमान पडल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. डॉक्टरांना ताप आलाय, ऑपरेशन पुढे गेलंय, तू मुळीच येऊ नकोस, असं तिने एका दमात सांगितलं आणि विचारलं, जेवलास का? तो हो म्हणाला. मिनिटभराने पुन्हा तेच, जेवलास का? तिथेच तिचं बिंग फुटलं. थाप मारली की ताई जेवणाची चौकशी दोनदा करते, हे त्याला शाळेपासून ठाऊक होतं.

विमानतळाच्या काचेतून शेतातला काळा जळका पट्टा दिसला आणि तो काचेकडे पाठ करून कॉफीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढेच गणवेशातला विमानाचा मेकॅनिक उभा होता. आमच्या विमानाची तपासणी तुम्हीच केलीत का, आणि केलीत तर तुम्ही का बसत नाही, असं त्याने तोंडावर विचारलं.

मेकॅनिक रागावला नाही. म्हणाला, "माझी ड्यूटी आहे. पण बायको बसलीय, बाराव्या रांगेत."

हे उत्तर त्याला पटलं. नशिबाने त्याची जागा त्या बाईंच्याच शेजारी निघाली. बाई डोळे घट्ट मिटून, खुर्चीचे हात धरून बसल्या होत्या. हे पाहून त्याचं उरलंसुरलं धैर्यही आटलं.

विमान उडालं आणि पायाखाली धाडकन आवाज झाला. त्याने अनुभवी माणसाच्या थाटात सांगितलं की घाबरू नका, दार नीट बसलं.

"चाकं आत गेली," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "बावीस वर्षं घरात हेच ऐकतेय." मग दोघंही हसली, आणि उतरेपर्यंत प्रत्येक आवाजावर वाद घालत राहिली. भीतीला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही.

संध्याकाळी तो दवाखान्यात पोचला. सही न केलेला कागद ताईच्या मांडीवर होता. तिने उरलेल्या डोळ्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"विमानाने आलास?"

"छे, ट्रेनने. जेवलीस का?"

त्याने बॅग खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि सवयीने पुन्हा विचारलं, "जेवलीस का, ताई?"

ताईचा डोळा भरून आला. तिने त्याचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने पेन मागितलं.