शिवपुरी तेवीसचा दगड

"पोरीला मोजात धरू नको गो बाय," आई म्हणाली होती. "पोटचं पोर आकड्यात घालायचं न्हाय."

मी हसले. पंचाहत्तर सालचा जानेवारी होता. भिवंडीला आग्रा रोडच्या नाक्यावर प्रयागला जाणारी बस उभी होती आणि महादूभाऊ यादी हातात घेऊन माणसं मोजत होते. दर हिवाळ्याला ते यात्रा काढायचे. ड्रायव्हर सोडून बेचाळीस डोकी, त्यांना स्वतःला धरून. "बेचाळीस! पूर्ण!" ते ओरडले, तेव्हा मी कमळला उचलून दाखवलं. सात महिन्यांची होती ती. म्हटलं, "त्रेचाळीस. माझी मुलगी माणूस नाही का?"

सगळी बस हसली. महादूभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "बी.ए. झालेल्या बाईशी कोण वाद घालणार? त्रेचाळीस तर त्रेचाळीस!" त्यानंतर प्रत्येक थांब्यावर ते शेवटी कमळचा गाल ओढायचे आणि आकडा पुरा करायचे. आई दर वेळी तोंड फिरवायची.

आई खारबावजवळच्या आमच्या गावची, भिवंडीत आमची चाळ आहे त्या कामतघरच्या पुढे कधी गेलेली नव्हती. मला मदत म्हणून मीच तिला आणलं होतं. कमळचे बाबा शाळेत शिकवतात, त्यांना रजा नव्हती. कमळला वारा लागू नये म्हणून मी पुढच्या सीटवर, आई मागे गावच्या बायकांत.

तिसऱ्या सकाळी सातच्या सुमारास बस एका चहाच्या टपरीपाशी थांबली. बाहेर मैलाचा दगड: शिवपुरी २३. धुकं असं की दगडाच्या पलीकडचं झाड दिसेना. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या माणसांनी अशी थंडी जन्मात पाहिली नव्हती. जो तो कानटोपी, घोंगडी, रजई गुंडाळून. माणसं दिसतच नव्हती, नुसती गाठोडी. बायका डबे घेऊन झाडीकडे गेल्या. कमळला रात्रीपासून कणकण होती, म्हणून मी उतरले नाही.

महादूभाऊंनी मोजलं. कुडकुडत, भराभर. शेवटी कमळच्या टोपीवर बोट टेकवून म्हणाले, "बेचाळीस. पूर्ण."

"आई चढली का हो?"

"मोजलंय ना ताई!"

आणि त्यांनी दोरी दोनदा ओढली. डबल बेल.

झाशी जवळ आली तेव्हा कमळ रडायला लागली. घुटीची पुडी आईकडे होती. मी मागे गेले. आईच्या जागेवर तिचं गाठोडं होतं, तिच्या शालीत गुंडाळलेलं, खिडकीला टेकून बसल्यासारखं. शेजारची जानकीबाई म्हणाली, "मला वाटलं निजलीय." आई तशी बारीकच होती.

मी ओरडले, गाडी वळवा. महादूभाऊ म्हणाले, "ताई, शांत व्हा. मागनं ट्रक येतात, रोजच्या आहेत भिवंडीच्या. कुणीपण आणील. उद्या संक्रांत. वळलो तर पर्वणी चुकली. एक्केचाळीस जणांचं पुण्य एका बाईपायी बुडवू?" मग त्यांनी हात वर करायला सांगितले. हात वर झाले. राघोबुवांचासुद्धा, जे माझ्या आईला लहानपणापासून ओळखत होते. त्यांनी तो थोडा उशिरा केला, एवढंच.

"मग मला उतरवा," मी म्हणाले.

"ताप आलेलं लेकरू घेऊन या रानात कुठं जाशील?" जानकीबाईनं माझा दंड धरला. कमळचं अंग भाजत होतं. मी बसले.

पुढचं मला आईला घेऊन आलेल्या ट्रकवाल्यानं सांगितलं. सरदारजी होता, भिवंडीहून कापड नेणारा, माल उतरवून परतत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ती दिसली. "माताजी पत्थर को पकड के बैठी थी. चायवाले ने अंदर बुलाया, नहीं गई. बोली, जगह छोडूंगी तो गाडीवालों को दिखूंगी कैसे." एक दिवस आणि एक रात्र. अंगावर नुसतं नऊवारी आणि चोळी. तो तिच्याशी हिंदीत काय काय बोलला, ती हलली नाही. त्यानं 'कामतघर' म्हटलं तेव्हा उठली.

आम्ही परत आलो तेव्हा तिच्या छातीत कफ भरलेला होता. अकरा दिवस जगली. महादूभाऊंबद्दल एक शब्द बोलली नाही. दर थोड्या वेळानं विचारायची, "पोरगी बरी हाय ना?"

तेराव्याला महादूभाऊ आले. जेवले. हात धुताना कमळच्या बाबांना म्हणाले, "नशीब एकेकाचं. पण पर्वणी साधली हो सगळ्यांची." मी पाणी घालत होते त्यांच्या हातावर. तांब्या मी खाली ठेवला नाही, सांडला नाही. त्यांचे हात स्वच्छ होईपर्यंत पाणी घातलं.

पुढच्या डिसेंबरात मी त्यांच्याकडे नाव नोंदवायला गेले. आईच्या अस्थींतल्या चिमूटभर मी राखून ठेवल्या होत्या, चाळीमागच्या आंब्याच्या फांदीला मडक्यात बांधून. कमळच्या बाबांना वाटलं, अस्थींसाठी जाते. तेही खोटं नव्हतं. "पुन्हा कमळला घेऊन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अंगावर पिते अजून. तिच्याशिवाय कशी जाऊ?" तिच्याशिवाय माझं काम होणार नव्हतं.

महादूभाऊंना मला बघून बरं वाटलं. त्यांनी यादी माझ्याच हातात दिली. "ताई, यंदा तुम्हीच मोजा. शिकलेल्या आहात. मागच्या सालापासून माझा हात थरथरतो." त्यांचा हात थरथरत नव्हता. त्यांना मागच्या बाकावर अंथरुणाच्या वळकट्यांवर आडवं व्हायचं होतं.

तीच बस, तोच मोरू ड्रायव्हर, बहुतेक तीच माणसं. मी प्रत्येक थांब्यावर चोख मोजलं. इगतपुरी, धुळे, इंदूर. कुणाला विसरले नाही. एकदा महादूभाऊच मागे राहत होते, पान खायला गेलेले; मी मोरूला थांबवून धरलं. "बघा, ताई असल्यावर चिंता नाही," ते सगळ्यांना म्हणाले.

ते त्या टपरीवर थांबतील की नाही, एवढी एकच धाकधूक होती. मला वाटलं होतं, निदान लाजेनं तरी दुसरी टपरी बघतील. पण नाही. "हितला चहा फस्क्लास!" म्हणत तेच आधी उतरले. तेच धुकं. तोच दगड, मी त्याच्याकडे खिडकीतून बघितलं. वरचा पांढरा रंग नवा दिला होता.

चहा घेऊन ते परत चढले, कोट काढून खुंटीला अडकवला आणि स्वेटरवरच, तांब्या घेऊन, टपरीमागे शेतात गेले. जाताना मला म्हणाले, "आलोच हां ताई."

बाकीची माणसं चढली. गाठोडी गाठोड्यांना टेकली. मागच्या बाकावर वळकट्यांवर त्यांची रजई पसरलेली होती. मी ती नीट केली, वर ओढली, डोकं असतं तिथपर्यंत. मग मागून पुढे मोजत माझ्या जागेवर आले. मोठ्यानं. एकोणचाळीस राघोबुवा. चाळीस जानकीबाई. एक्केचाळीस मी. आणि मग मांडीवरच्या कमळच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेचाळीस. पूर्ण."

डबल बेल.

बस हलली तेव्हा मी मागे वळून बघितलं. धुक्यातून आधी पितळेचा तांब्या दिसला, मग हात, मग ते. पळत होते. तोंड उघडं होतं, पण मोरूच्या इंजिनापुढे काही ऐकू आलं नाही. दोरी माझ्या हातात होती. एकदा ओढली असती तर गाडी थांबली असती. मी दोरी धरून बसले. कमळ माझ्याकडे बघत होती, मग तीही दोरीला लोंबकळली, आणि मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

झाशीला जेवणासाठी थांबलो तेव्हा कुणीतरी रजई ओढली. आरडाओरडा झाला. मोरू घाबरून म्हणाला, "वळवू काय?"

मी उभी राहिले. वर्षभर पाठ केलेलं होतं. "मागनं ट्रक येतात, रोजच्या आहेत भिवंडीच्या. कुणीपण आणील. वळलो तर पर्वणी चुकली. एका माणसापायी एक्केचाळीस जणांचं पुण्य बुडवू?"

राघोबुवा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या लक्षात आलं होतं. जानकीबाईच्याही आलं असणार, तिनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "हात वर करा."

या वेळी राघोबुवांनी पहिला केला.

प्रयागला अस्थी सोडल्या. पाणी बर्फासारखं होतं. मला वाटलं होतं रडू येईल. कमळला थंडी वाजेल म्हणून मी लवकर बाहेर आले.

परतताना आठव्या दिवशी टपरीशी थांबलो. दगडापाशी कुणी नव्हतं. मी विचारणार नव्हते, राघोबुवांनी विचारलं. चहावाला ग्लास विसळत म्हणाला, "वो? दो दिन बैठे थे पत्थर के पास. ट्रक रुकते थे, नहीं चढे. बोले, गाडी वापस आएगी, मेरी ही गाडी है. फिर एक सुबह नहीं थे." तांब्या मात्र होता. चहावाल्यानं तो आम्हाला दिला. राघोबुवांनी तो माझ्या हातात न देता स्वतःच्या पिशवीत घातला.

ते मागे राहिल्याला आज सतरावा दिवस. त्यांची बायको कलावती रोज दुपारी चाळीत येते. कोट मीच तिला नेऊन दिला. ती काही आरोप करत नाही, उंबऱ्यावर बसते आणि विचारते, "ताई, तुम्ही मोजलं होतं ना?" मी हो म्हणते. मग तिची नजर कमळकडे जाते, आणि मी कमळला आत नेते.

मला वाईट वाटतंय असं समजू नका. पाणी घालतानाचे ते हात मला आठवले की अजून दात आवळले जातात. पण मला तो माणूस मेलेला नको होता. मला तो परत आलेला हवा होता, आईसारखा ट्रकमधून उतरलेला, माझ्या दारात उभा राहून 'का?' विचारणारा. उत्तर तयार आहे माझं, आणि ते ऐकणारा कुणी नाही. इकडे रोज झोपलेल्या कमळच्या नाकापुढे मी बोट धरून बघते. पोटचं पोर आकड्यात घालायचं न्हाय, हे आईचं सांगणं मला आता खोडून काढता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी आग्रा रोडनं वर जात असेल, कापड घेऊन, लग्नाला, कशालाही, तर शिवपुरी तेवीसच्या दगडाशी थोडं थांबा. आसपासच्या गावांत, दवाखान्यात विचारा. पन्नाशीचा माणूस, उंच, तपकिरी स्वेटर, मराठी बोलणारा, गाडीची वाट बघणारा. सापडला तर कामतघरचं नाव घ्या, आणि तो उठतो का तेवढं बघा.