हळदीकुंकवात काढलेली सरासरी

फोनवर गेम खेळताना प्रांजलची पापणी मिनिटाला सहाच वेळा लवत होती. अनुपमाने तीनदा मोजून खात्री केली आणि मगच ती समोरच्या कागदांकडे वळली.

ती तिच्या पहिल्यावहिल्या पुस्तकाची प्रुफं होती. ऑनलाइन खेळांवर सात वर्षांपूर्वी एका साप्ताहिकात लिहिलेले चौदा लेख. प्रकाशक श्यामकांत दिवाळीपासून होकार मागत होते, आणि जीवशास्त्राची ही निवृत्त प्राध्यापिका 'एकदा नजर टाकते' म्हणून दर खेपेला वेळ मारून नेत होती. आज मात्र श्यामकांतांचा निरोप होता, सहा वाजता फोन करतो.

"मावशी, मोठ्याने वाच ना. ऐकतेय मी," भाची फोनवरून नजर न काढता म्हणाली.

"'मुलुंडमधलं मूल रोज सरासरी ४.३७ तास खेळतं.'"

"पॉइंट तीन सात! झकास. मोजलं कुणी?"

"बेचाळीस आयांना विचारलं होतं."

"कुठे?"

अनुपमाने चष्मा पुसला. "सोसायटीच्या हळदीकुंकवाला. आयत्या जमल्या होत्या सगळ्या."

आता प्रांजलने फोन खाली ठेवला. "तिळगूळ घेताघेता? एकमेकींसमोर? वाट लागली! अगं, तिथे गुडघेदुखीतसुद्धा कुणी मागे राहत नाही. एकीने दोन तास म्हटल्यावर दुसरीचे चार होणारच ना!"

"तुझी आई पाच म्हणाली होती."

"पाच? तेव्हा घरात फोन एक, तो घेऊन आई सकाळी सातला ड्युटीवर. मी काय पोळपाटावर खेळत होते?"

अनुपमाला हसू फुटलं, आणि लगेच ओसरलंही. कुणा विद्यार्थिनीने असा नमुना गोळा करून आणला असता, तर तिने वही तिथल्या तिथे परत केली असती. स्वतः मात्र त्या एका आकड्यावर 'बुडत चाललेली पिढी' या लेखासकट पुढचे तेरा लेख रचले होते. तेही एकही खेळ कधी न खेळता.

प्रांजल जरा नरमली. "पहिलं पुस्तक आहे गं तुझं. हळदीकुंकवाचं कोण विचारायला येणारे?"

हेच अनुपमा दिवाळीपासून स्वतःला सांगत आली होती.

फोन वाजला. "काय मॅडम," श्यामकांत म्हणाले, "पाठवू ना छापायला?"

"नको," अनुपमा म्हणाली. "हे पुस्तक छापू नका."