वळणावर मुकी होणारी वायर

मी हॉर्नची वायर बोलतेय. स्टिअरिंगच्या मागे, काळ्या झाकणाखाली राहते, त्यामुळे तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. हॉर्न वाजतो तो माझ्या जिवावर, आणि नाव मात्र त्याचं होतं!

स्टिअरिंगचं चाक वळलं की मलाही वळावं लागतं. संयोगिताची जुनी पिकअप पाचगणीहून स्ट्रॉबेरी घेऊन घाटानं वाईला उतरते. त्या घाटात वळणांना काय तोटा! वाकून वाकून माझ्या आतली तांब्याची तार तुटली. वरून मी धडधाकट. चाक सरळ असलं की तुटकी टोकं टेकायची आणि हॉर्न वाजायचा. वळलं की मी मुकी. जिथे माझी गरज, नेमकी तिथेच! फार वाईट वाटायचं.

वाईचा मेकॅनिक हरिबा उभ्या गाडीत हॉर्न दाबायचा आणि म्हणायचा, "वाजतोय की वैनी! कायबी झालं न्हाई."

मग संयोगिताच्या सासूबाई, बनुबाई, शेजारी बसू लागल्या. वळण आलं की खिडकीतून डोकं काढून ओरडायच्या, "थांबा रंऽऽ, आमी आलोय!" बाजारात लोक हसायचे. संयोगिताला हसू येत नसे. ती चाक घट्ट धरून प्रत्येक वळणावर गाडी रांगत न्यायची.

एका सकाळी बनुबाईंचा घसा बसला. वळणावर त्यांनी तोंड उघडलं, आवाजच फुटेना. समोरून प्रवासी कोंबलेली वडापची जीप आली. कचकन ब्रेक लागले. दोन्ही गाड्या हातभर अंतरावर थांबल्या.

माल उतरवायच्या आधीच संयोगितानं हरिबाला गाठलं.

"भावजी, आज मेलो असतो. चाक वळवा आन मग दाबा."

हरिबानं वळवलं, दाबलं. आवाज नाही.

"आयला! वळल्यावर दगा देतीया व्हय? माझ्या ध्यानातच आलं न्हाई, वैनी."

त्यानं झाकण काढलं, माझा तुटका भाग कापला आणि नरम, लांब तुकडा जोडला. जोड न हलणाऱ्या जागी घेतला. कारखान्यात मला ताणून बसवलं होतं, यानं ढील ठेवली. हुश्श! केवढं मोकळं वाटलं.

मेकॅनिकदादांनो, एवढं ऐका. हलत्या जागेची वायर हलवून बघत जा. उभ्या गाडीत आम्ही सगळ्याच शहाण्या असतो.

परतताना पहिल्याच वळणावर संयोगितानं हॉर्न दाबला आणि मी जीव खाऊन वाजवला. वरून उतरणारी बस थांबली. बनुबाईंनी बाहेर काढलेलं डोकं आत घेतलं.

"सुटले गं बाई," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

पुढच्या वळणावर हॉर्न वाजला तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या.