सहा नंबरची लक्षवेधी

सभागृहाची बैठक दहा मिनिटांसाठी तहकूब.

द्राक्षाच्या बागांवर जुन्या साड्या. लांबून वाटतं, बायका उन्हात आडव्या झाल्यात.

"त्याच्या आमदाराचं नाव मला नको. खोडा."

पेठच्या गाडीचा दरवाजा दोरीने बांधलेला.

माफी. माफी. माफी.

टीव्हीत माणसं ओरडतायत आणि आवाज येत नाही.

आवाज येत नव्हता, कारण रिमोट दीपकच्या मांडीखाली होता आणि तो काढून द्यायची त्याची इच्छा नव्हती. दीपक हा साहेबांच्या नाशिकच्या कार्यालयाचा माणूस. साहेब म्हणजे वरच्या सभागृहातले, शिक्षकांनी निवडून दिलेले आमदार. कार्यालय शरणपूर रोडला, दाताच्या दवाखान्याच्या वर. खालून ड्रिलचा आवाज यायचा आणि वर बसलेल्यांचीही दाढ दुखायची.

वर तिघं बसली होती. दीपक, मोहिनी आणि मनोज. तिघांपैकी कुणालाही उरलेली दोन माणसं बघवत नव्हती.

"आवाज करा," मोहिनी म्हणाली.

"नुसती बोंबाबोंब हे, मॅडम. ऐकून काय करणार?"

"आमची लक्षवेधी पुकारली तर कळायला नको?"

"सहा नंबरला हे तुमची. पाटीवर आकडा दिसतो ना? गणितच शिकवता ना तुम्ही?"

गणितच शिकवायची ती. पेठच्या पलीकडे, डोंगरातल्या एका आश्रमशाळेत, नऊ वर्षं, रोजंदारीवर. मार्चअखेर रोजंदारी संपत होती. एप्रिलपासून कुठली तरी कंपनी शिक्षक पुरवणार होती, जसे लग्नात वाढपी पुरवतात तसे. मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून "मुदतवाढ देतो" म्हटलं, तरच हे थांबणार होतं. बाहेर, मंडपात येऊन दिलेला शब्द मंत्री जेवायच्या आत विसरतात. सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला आमदारांची समिती असते. म्हणून लक्षवेधी. आमदार सूचना देतात, मंत्री लेखी निवेदन देतात, आणि मग ज्यांची नावं सूचनेवर आहेत ते प्रश्न विचारतात. जे काही पदरात पडतं, ते त्या प्रश्नांतून पडतं. निवेदनातून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

(अडथळा)

मनोज बागलाणकडचा. तोही रोजंदारी शिक्षक, पण दुसऱ्या संघटनेचा. संघटना एकच होती. उपोषणाच्या मंडपात आधी कोण बोलणार यावरून दोन झाल्या. त्याच्या बाजूला त्याच सभागृहातले, सत्ताधारी पक्षाचे एक आमदार होते, मोहिनीच्या बाजूला विरोधातले हे साहेब. आज तो इथे आला होता, कारण त्याच्या आमदारांचं नाशिकला कार्यालयच नव्हतं.

दीपकने चहा मागवला. दोनच कप आले.

"मॅडमला नसल चालत," तो म्हणाला. "उपोषणाची सवय हे."

मनोज हसला. मोहिनीने त्याचं हसणं लक्षात ठेवलं. ती असल्या गोष्टी लक्षात ठेवायची. माया कुणावर बसायला तिला वर्षं लागायची, राग धरायला दार उघडण्याइतकाही वेळ लागायचा नाही.

बैठक पुन्हा सुरू झाली. खुर्चीत सभापती नव्हते, त्यांच्या जागी तालिकेवरचे एक सदस्य बसले होते आणि त्यांना लवकर उठायचं होतं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. सकाळी कुणी तरी कुणाला काही तरी बोललं होतं. त्याची माफी हवी म्हणून विरोधी बाकं रिकामी झाली होती आणि सगळे खुर्चीसमोरच्या मोकळ्या जागेत. अगदी पुढे, पांढऱ्या जाकिटात, दोन्ही हात वर करून –

"ते साहेब आहेत," मोहिनी म्हणाली.

"मग! पहिल्या रांगेत."

"ते तिकडे काय करतायत? त्यांची लक्षवेधी आहे."

"पक्षाचा आदेश हे. सगळे उतरले तर साहेब काय एकटे बाकावर बसतील, शाळेतल्या पोरासारखे?"

तिने त्याच्या मांडीखाली हात घालून रिमोट ओढून काढला. बाई अंगावर आल्यासारखा दीपक उडाला. आवाज आला. आधी घोषणा, मग त्यांच्या फटीतून खुर्चीचा, वाचून दाखवणारा, कुणाशीच न बोलणारा आवाज:

"...क्रमांक चार. निवेदन वितरित झालेले आहे, ते वाचल्याचे समजण्यात येत आहे. सदस्य जागेवर नाहीत. क्रमांक पाच..."

"गोंधळात घेतायत," मनोज उभा राहिला. "उरकून टाकतायत सगळं!"

"फोन लावा," मोहिनी म्हणाली.

"तिथं उभ्या माणसाला –"

"लावा!"

दीपकने लावला. वाजला, वाजला, कट झाला. त्याने फोन टेबलावर ठेवला, आणि मग टीव्हीतल्या साहेबांनी जाकिटाच्या खिशातून फोन काढला, नाव वाचलं, अंगठ्याने बंद केला आणि परत खिशात घातला. प्रक्षेपण थोडं मागे चालायचं. जे घडून गेलं होतं, ते तिला आता दिसत होतं. साहेबांनी हात पुन्हा वर केले.

"क्रमांक सहा. आश्रमशाळांतील रोजंदारी शिक्षक. निवेदन वितरित झालेले आहे, वाचल्याचे समजण्यात येत आहे. सूचना देणारे सदस्य जागेवर नाहीत –"

सत्ताधारी बाकांवर, मागे, एक जाडसर गृहस्थ उठले.

"आमचे!" मनोज ओरडला. "आमचे उठले!"

"सभापती महोदय, मला यावर एकच प्रश्न विचारायचा आहे."

"सूचनेवर आपलं नाव नाही."

"महोदय, एकच –"

"नाव नाही, सन्माननीय सदस्य. बसा. क्रमांक सात."

गृहस्थ बसले. खाली ड्रिल थांबलं होतं.

"नाव नाही म्हणजे?" मनोज दीपककडे वळला. "आम्ही पत्र दिलं होतं. दोन्ही आमदारांच्या सह्या, असं ठरलं होतं. मी स्वतः आणून दिलं, ह्याच टेबलावर!"

दीपकने मोहिनीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सणाचा आनंद होता.

"मॅडम, तुम्ही सांगता का मी सांगू?"

"सांगा ना," मोहिनी म्हणाली. "जिभेला हाड आहे का तुमच्या?"

"मी फोन केला होता मॅडमला, सर. म्हटलं, दुसरं नाव ठेवायचं का? मॅडम म्हणाल्या, खोडा. मला काय, मी खोडलं. आम्हाला बी साहेबांचं एकट्याचं नाव बरंच."

मनोज मोहिनीकडे वळला.

"का?"

"तुमच्या आमदारांनी प्रश्न विचारला असता," मोहिनी म्हणाली, "तर सटाण्यापासून पेठपर्यंत बॅनर कुणाचे लागले असते? फोटो कुणाचा असता खाली? उपोषणाच्या चौथ्या दिवशी ज्याने मोसंबीचा रस घेतला, त्याचा?"

"लागू द्यायचे होते!" मनोजचा आवाज चिरकला. "लागू द्यायचे होते ना बॅनर! माझा फोटो फाडायचा होता नंतर, त्यावर शेण मारायचं होतं! नोकरी तर राहिली असती! तुमची चूक शे मॅडम, तुमची!"

"माझी आहे," ती म्हणाली. "मग? तुम्ही तेव्हा रस घेतला नसता, तर सभागृहापर्यंत जायची वेळ आली असती का?"

(अडथळा)

(अडथळा)

"उद्या परत द्या सूचना," ती दीपकला म्हणाली. आवाज वर्गात लावायची तोच.

"नाय देता येत. विषय घेतला गेला, संपला. या अधिवेशनात परत नाय."

"चर्चा कुठे झाली?"

"वाचल्याचं समजलं ना? तसंच झाल्याचं समजायचं."

निवेदन त्याच्या फोनवर आलेलं होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं, मुद्दाम सावकाश. शिक्षकांची सेवा मार्चअखेर संपत आहे, हे खरे आहे. मुदतवाढीबाबत अद्याप निर्णय झालेला नाही. विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.

टीव्हीत कुणी तरी दिलगिरी व्यक्त केली. विरोधी सदस्य जागेवर गेले. साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि पलीकडच्या बाकावरच्या माणसाला टाळी दिली.

दीपकचा फोन वाजला.

"हो साहेब... नाय, अडचण काय नाय... लय भारी दिसलात. एकदम पुढं... हो, क्लिप टाकतो ग्रुपवर." त्याने मोहिनीकडे पाठ केली. "ते? ते घेतलं ना साहेब सहाला. झालं ते... नाय, त्यांचं कुठं मत हे? पूर्णवेळ नाय धरत त्यांना. मतदारयादीत नावंच नाय."

मोहिनीने मनोजचा अर्धा राहिलेला चहा उचलला आणि दीपकच्या पाठीवर ओतला. तो गार झाला होता एवढंच, त्याला भाजू नये असं तिच्या मनात नव्हतं. तिला गरम हवा होता.

दीपकने शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि फोन चालू असल्याने मिटलं.

जिन्यात मनोज तिच्या मागे होता. रस्त्यावर एक रिक्षा थांबली. दोघांनाही जुन्या सीबीएस बसस्टँडलाच जायचं होतं.

"बसा," मनोज म्हणाला. "अर्धं अर्धं देऊ."

"तुमच्याबरोबर?"

"उन्हात चालत जाणार?"

ती चालू लागली. थोड्या वेळाने रिक्षा तिच्या बाजूने गेली. मनोज आत एका कडेला बसला होता, शेजारची जागा मोकळी ठेवून, आणि दुसरीकडे बघत होता.

सकाळी, बैठक सुरू होण्याआधी, मंत्र्यांनी आपल्या दालनात अधिकाऱ्यांना सांगितलं होतं की सहा नंबरवर एका जरी सदस्याने प्रश्न विचारला, तर वर्षभराची मुदतवाढ तिथेच जाहीर करायची.