तानाबाईंच्या झेंडूतली जळमटं

तानाबाईंच्या बांधावर शंभर-दीडशे माणूस जमलं होतं आणि सगळ्यांच्या नजरा एका अळीवर होत्या. गावोगाव फिरणाऱ्या पिराजीबाबांनी तिच्यावर चिमूटभर अंगारा टाकला. अळी वळवळली, आखडली आणि झेंडूच्या पानावरून खाली पडली. गावानं हात जोडले.

“आईचा कोप किडीवर हाय!” बाबा गरजले. “घट बसायला आलं. घरातली जळमटं काढतायसा, मग रानातली कुनी काढायची? कोळी म्हंजी अवदसा! आधी झाडू, मग अंगारा!”

मी त्रिशला, गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. गप्प बसणं मला जमत नाही.

“काकू, जाळी राहू द्या,” मी तानाबाईंना म्हणाले. “पतंग त्यात अडकतात, म्हणून पानांवर अंडी कमी पडतात. कोळी सगळी कीड संपवतो असं नाही, एखादी मधमाशीही धरतो. पण तुमची फुलं त्यानं बरीच राखलीत.”

“बाई, तुमी जैन. तुमास्नी मुंगी मारली तरी पाप,” शेजारचा केरबा हसला. “तुमच्या धर्मापायी काकूनं दसऱ्याचा झेंडू घालवायचा व्हय?”

सगळे हसले. मी विज्ञान सांगत होते, लोकांना ते बस्तीतलं, आमच्या जैन मंदिरातलं, प्रवचन वाटत होतं.

तानाबाई एकट्या. आठ गुंठे झेंडू, आणि दसऱ्याच्या तोड्यावर त्यांचं वर्ष निघायचं. त्यांनी झाडू उचलला. दोन दिवसांत रान लख्ख झालं, वरून अंगारा पडला, बाबा दक्षिणा घेऊन पुढच्या गावाला गेले. पंधरा दिवसांनी पाहावं तर कळी न कळी पोखरलेली.

उरलेल्या अंगाऱ्याचा मी वास घेतला. गोठ्यात गोचिडांवर मारतात त्या पावडरीचा उग्र दर्प! चावडीसमोर दोन बरण्या मांडल्या. एकीत चुलीतली राख, दुसरीत अंगारा, दोन्हींत एकेक अळी आणि एकेक कोळी. जाणूनबुजून जीव घ्यायची ती माझी पहिलीच वेळ.

संध्याकाळी केरबानं बरण्या हातात घेतल्या. “राखंतली दोनी जित्ती हायती की! अंगाऱ्यातली दोनी मेली.”

“औषधच ते. समोरची अळी मेली, पण कोळीही मेले,” मी म्हणाले. “नंतर पतंग आले, त्यांना अडवायला कुणी उरलं नव्हतं.”

तानाबाईंनी विचारलं, “मग बाई, आता कोळी कुठनं आनू?”

कोळी सावकाश परततात, दसरा थांबत नाही. बाबांचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो. अंगाऱ्याचा संशय तेव्हाच आला होता, ह्या बरण्या मला पहिल्याच दिवशी मांडता आल्या असत्या. एक जीव मारायला मी कचरले, आणि तानाबाईंचं रान गेलं. केरबा अगदीच खोटं बोलला नव्हता.

त्या दसऱ्याला तानाबाईंनी दाराच्या तोरणासाठी कोल्हापूरच्या बाजारातून झेंडू विकत आणला. म्हणून हात जोडून सांगते: कुणी चमत्कार दाखवला, तर त्याच दिवशी, त्याच्यासमोर तपासून बघा. नंतर खरं कळून रान परत येत नाही.