कुलपातली किल्ली

मावशीने कळफलक इतक्या जोरात आपटला की भाच्याच्या कपातला चहा बशीत सांडला.

"त्याचा काय दोष?" भाचा म्हणाला.

"तुझा आहे का? मग गप्प बस."

फोन स्पीकरवर होता. पलीकडे विज्ञान शिकवणारी एक शिक्षिका होती. तीन वर्षं खपून तिने एकतीस धडे तयार केले होते. शाळेने एका कंपनीचं नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि एका फटक्यात सगळ्या धड्यांना कुलूप लागलं. उघडायचे तर कंपनीची परवानगी.

"बाई, मीच काढलेली चित्रं मलाच दिसत नाहीत. उद्या वर्गात काय दाखवू?"

"एक धडा पाठव. बघते."

धडे तयार करण्याचं ते सॉफ्टवेअर मुळात मावशीचं. बावीस वर्षांपूर्वी, शाळेतली नोकरी सांभाळून, तिने आणि चार शिक्षकांनी ते लिहिलं आणि सर्वांसाठी खुलं ठेवलं. तेव्हा एकाचा धडा दुसरा उघडायचा, चुका काढायचा, वर खवचट शेरा मारायचा, आणि धडा सुधारायचा. कंपनीने तेच उचललं, रंग फासला, नाव बदललं.

"कोणीही घ्यावं, असं तूच लिहून ठेवलंस ना?" भाचा म्हणाला.

"घ्या म्हटलं होतं. आयत्या बिळावर नागोबा व्हा म्हटलं नव्हतं."

धडा आला. तिने चष्मा पुसला आणि फाइल आतून वाचायला घेतली. मध्येच तिचा हात थांबला.

"हे कुलूप माझंच आहे."

प्रश्नपत्रिकांसाठी केलेलं, मुलांना पेपर आधी दिसू नये म्हणून. शिक्षक मात्र पासवर्ड हमखास विसरायचे, आणि तासातासाला फोन. कंटाळून तिने सगळ्या कुलपांना चालेल अशी एक किल्ली आतच लिहून ठेवली होती. कंपनीने कुलूप घेतलं होतं, वाचलं नव्हतं.

तिने किल्ली टाईप केली. पडद्यावर बेडूक उघडला, पोटातल्या सगळ्या अवयवांसकट.

"मावशी, जाहीर करून टाक," भाचा म्हणाला. "एकही धडा बंद राहणार नाही. चांगली जिरेल त्यांची."

ती आधीच लिहायला लागली होती. निरोप सगळ्या शिक्षकांना जाणार होता. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून तिने फोनमध्ये विचारलं,

"तुमच्या प्रश्नपत्रिका कुठे असतात गं?"

"त्यातच, बाई. सगळ्या शाळांच्या. पुढच्या आठवड्यात वार्षिक परीक्षा आहे."

मावशी उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. निरोप पुसून टाकला.

"कंपनीला पत्र लिही. कुलपात किल्ली राहिली आहे, आजच काढा म्हणावं. कुठल्या ओळीत आहे तेही सांग."

"आपण त्यांचं घर राखायचं?"

"लिही म्हटलं ना." ती फोनकडे वळली. "तुझे उरलेले तीस पाठव. आणखी कोणाचे अडकले असतील त्यांनाही सांग. किल्ली निघायच्या आत, आत्ताच्या आत्ता."

धडे येऊ लागले. ओळखीचे, अनोळखी, गणिताचे, भूगोलाचे. मावशी एकेक मोकळा करून परत पाठवत होती. दहा बोटांनी धडाधड टाईप करणारा भाचा आज एका बोटाने अक्षरं शोधत होता.

"कुठवर आलं पत्र?" तिने मान वर न करता विचारलं.

"'महोदय'पर्यंत."

"शुद्धलेखन तपास," मावशी म्हणाली.