दुखणाइतांचा हंडा

मी एक जुना बिडाचा हंडा आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात, आगीच्या बंबाच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझं काम ऐकून तुम्ही दचकाल. मला जमिनीत पुरतात.

माझा जन्म बीड ओतण्याच्या कारखान्यातला. तीन आखूड पाय आणि घट्ट बसणारं झाकण घेऊन मी आधी लाकूडतोड्यांच्या तळावर गेलो. तळ उठला तेव्हा या गावात आलो. इथे बर्टन डायरने माझा ताबा घेतला तो आजतागायत सोडलेला नाही. दुसऱ्या कोणी हात लावला तर म्हातारा गुरगुरतो. तो खड्डा खणतो, त्यात लाकडं जाळून निखारे करतो, घेवडा, काकवी आणि खारवलेलं मांस भरून मला आत उतरवतो आणि वर माती ओढतो. रात्रभर मी जमिनीखाली शिजतो. दुसऱ्या दिवशी मला उकरून काढलं की गाव पंगतीला बसतं.

ही पंगत हौसेची नसते. गावात कोणाला मोठं दुखणं जडलं आणि त्याच्याकडे विमा नसला, की माझी आठवण होते. ताटामागे लोक पैसे देतात आणि ते दुखणाइताच्या घरी जातात. जाता जाता माझ्या झाकणावर थाप मारून म्हणतात, "हाच बघा आपला विमा." ते ऐकून मी बिडाला जमेल तेवढा फुगायचो.

पण खड्ड्यात मी एकटा असतो. वर गरम माती, आत घेवड्याचं रटरटणं. त्या रटरटण्यात हळूहळू मला माणसं ऐकू येऊ लागली. शाळेची बस चालवणारी डॉर्कस हसायची तशी हसते. जाळी विणणारा एलवुड खोकतो. ज्यांच्यासाठी मी शिजलो, तीच ही माणसं. त्यातलं एकही आज जिवंत नाही. डॉक्टरकडे सगळे फार उशिरा गेले, आणि तेवढ्या मोठ्या आजारापुढे घेवड्याची कमाई किती दिवस पुरणार? मला भीती वाटायला लागली, पण हंड्याची भीती कोण विचारतो.

मग रॉइस ॲली गेला. तो आणि त्याची बहीण कोरीन ओहोटीच्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायचे आणि थंडीत सुरूच्या डहाळ्यांची नाताळची तोरणं बांधायचे. रॉइसचं पोट वर्षभर दुखत होतं. पूर्वी कधीतरी त्याने राज्याच्या फुकट उपचारांच्या योजनेची चौकशी केली होती. मुलंबाळं नसलेल्या धडधाकट माणसाला ती मिळत नाही, असं तेव्हा त्याला सांगितलं गेलं. इथल्या माणसांचं असं आहे, की एकदा नाही ऐकलं की त्या दारात पुन्हा उभं राहणं त्यांना लाजिरवाणं वाटतं. रॉइस आम्लपित्ताच्या गोळ्या चघळत राहिला. त्याच्यासाठी पंगत झाली त्या दिवशी तो दारात उभा राहून प्रत्येकाशी हात मिळवत होता, आणि त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. वसंतात तो गेला. त्यानंतर मला पुरलं की झाकणावर बोटांची टकटक ऐकू येते. रॉइस तशीच टकटक करून घेवडा झाला का विचारायचा.

पुढच्या जानेवारीत कोरीन शेडमध्ये आली. बर्टन मला तेल चोळत होता.

"बर्टनकाका, जमिनीतलं बर्फ सुटलं की एखादा शनिवार मिळेल का?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. छातीत गाठ लागतेय."

बर्टनचा हात थांबला. डॉक्टरला दाखवलंस का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, पंगत झाल्यावर दाखवीन. विमा नाही, आणि तो घ्यायची शेवटची तारीख कालच उलटली. म्हणजे जमीन मऊ होईपर्यंत ही बाई गाठ घेऊन बसणार होती.

"तुझ्यासाठी मी खड्डा खणणार नाही," बर्टन म्हणाला.

"मी काय वाकडं केलंय तुमचं?"

"काही नाही, पोरी. ज्यांच्यासाठी खणला, त्यातलं कोणी उरलं नाही. माझ्या हातून आता खणवत नाही." त्याने मला उचललं आणि तिच्या गाडीत नेऊन ठेवलं. "लायब्ररीत लेनोर बसते, विम्याचं समजावून सांगायला. आधी तिच्याकडे जा. तिनेही नाही म्हटलं तर हंडा तुझ्याकडेच आहे. पण मग खणायचं तू."

म्हाताऱ्याला चळ लागलाय, असं पुटपुटत कोरीन निघाली. लायब्ररीत तिने मला टेबलावर दाणकन आदळलं. लेनोरने मला थोडं बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "आधी बस."

मग लेनोरने सगळं सोपं करून सांगितलं. राज्याच्या विमा बाजारात पॉलिस्या मिळतात, कमाई कमी असेल तर हप्ताही कमी होतो. पण नोकरी जाणं, लग्न होणं असं काही घडल्याशिवाय तारखेनंतर तिथे दार बंद. कोरीनने खिशातून एका धार्मिक मंडळाचं पत्रक काढलं. तिथे भाविक एकमेकांची दवाखान्याची बिलं वाटून घेतात, महिन्याचे पैसेही कमी. लेनोरने ते उलटसुलट वाचलं. हा विमा नाही, ती म्हणाली. ते देतील किंवा देणारही नाहीत, आणि आधीपासून असलेल्या गाठीसाठी तर त्यांचा भरवसा धरूच नकोस. मग तिने कोरीनची कमाई विचारली.

"तू राज्याच्या फुकट योजनेत बसतेस. तिला शेवटची तारीख नसते."

"ती मुलंबाळंवाल्यांची ना?"

"आधी तसं होतं. आता नियम बदललाय. काही वर्षं झाली. लोकांनीच मतं देऊन बदलला."

कोरीनने नखांतला चिखल कोरून काढला.

"मग रॉइसला मिळाली असती?"

लेनोरला खोटं बोलता आलं असतं. तिने चष्मा काढला. "हो."

"पोट दुखायला लागलं तेव्हा?"

"त्याच्या आधीपासूनच."

कोरीनने दोन्ही तळवे माझ्या झाकणावर ठेवले. "आणि आम्ही त्याच्यासाठी घेवडा शिजवला," ती म्हणाली. मग तिने खुर्ची पुढे ओढली. "माझं नाव घाला."

तिची गाठ डॉक्टरांनी वेळेत काढून टाकली. ती पुन्हा चिखलात उतरते आणि ओहोटी चुकली की शिव्याही देते. मी मात्र शेडमध्ये बसलो की रॉइसची टकटक ऐकतो. आता त्यासाठी मला पुरावंही लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी दुखणं अंगावर काढत असेल तर त्याला हाताला धरून न्या. मागे कधी नकार ऐकून कोणी गप्प बसला असेल, तर त्याला पुन्हा विचारायला लावा. नियम बदलतात आणि ते सांगायला कोणी दारी येत नाही. पुन्हा एकदा विचार, एवढं रॉइसला कोणीच म्हणालं नाही. मी हंडा आहे, मला म्हणता येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं.